न सोडलेल्या वळकट्या

चित्रकार इल्या रेपिन घर सोडून कुठेच गेले नाहीत. सेंट पीटर्सबर्गपासून सुमारे ४५ किलोमीटरवर, फिनलंडच्या आखाताकाठी, कुओक्कला या गावात त्यांचं ‘पेनाती’ नावाचं घर होतं. तेव्हा फिनलंड झारच्याच साम्राज्यात मोडायचं. राजधानीतले स्नेही सकाळी आगगाडीने यायचे आणि जेवून, गप्पा मारून परत जायचे. डिसेंबर १९१७ मध्ये फिनलंडने स्वातंत्र्य जाहीर केलं, पुढच्या वर्षी सरहद्द बंद झाली. व्होल्गाकाठी दोर खांद्यावर घेऊन नाव ओढणाऱ्या मजुरांचं चित्र काढणारा हा माणूस बसल्या जागी परदेशात जाऊन पडला. १९२६ मध्ये सोव्हिएत चित्रकारांचं शिष्टमंडळ त्यांना परत न्यायला आलं, पण ते गेले नाहीत. १९३० मध्ये त्याच घरी वारले, आवारातच त्यांना पुरलं. दुसऱ्या महायुद्धात ते गावच रशियाकडे गेलं. आज त्याचं नाव रेपिनो आहे.

राज्यक्रांतीनंतर रशियाबाहेर पडलेल्यांचा हिशेब मांडायला बसलं की पहिली अडचण हीच येते. मोजायचं कुणाला? जे पळाले त्यांना, की ज्यांच्या पायाखालून देश सरकला त्यांनाही? फिनलंड, एस्टोनिया, लाटव्हिया, पोलंड या नव्या देशांत लाखो रशियन असेच राहून गेले होते. शिवाय त्या काळची नोंद ढिसाळ. बर्लिनमध्ये मोजलेला माणूस दोन वर्षांनी पॅरिसमध्ये पुन्हा मोजला जाई. त्यामुळे आठ-नऊ लाखांपासून वीस लाखांपर्यंत सगळे आकडे पुस्तकांत सापडतात. दहा ते पंधरा लाखांच्या दरम्यान कुठेतरी, इतकं धरून पुढे जावं हे बरं.

दुसरा घोळ सिनेमांनी आणि कादंबऱ्यांनी घातला आहे. पॅरिसमध्ये टॅक्सी हाकणारा राजपुत्र आणि हॉटेलच्या दारात उभा असलेला जनरल ही जोडी आपल्या डोळ्यांसमोर इतकी पक्की बसली आहे, की ‘श्वेत रशियन’ म्हटलं की सगळे उमरावच वाटतात. उमराव होतेच. पण गर्दी होती ती कनिष्ठ अधिकाऱ्यांची, डॉन आणि कुबानच्या शेतकरी कोसॅकांची, शाळामास्तरांची, कारकुनांची आणि अर्ध्यावर शिक्षण सुटलेल्या विद्यार्थ्यांची. त्यांच्यात बायकांपेक्षा पुरुष खूप जास्त होते, कारण हे मुळात बोल्शेविकांशी झालेल्या यादवी युद्धात हरलेलं सैन्य होतं.

त्या सैन्याचा शेवटचा मुक्काम क्रिमिया. नोव्हेंबर १९२० मध्ये लाल फौजेने पेरेकोपची संयोगभूमी फोडली आणि जनरल रँगेल यांनी सेव्हास्तोपोल, याल्टा, फिओदोसिया, केर्च ही बंदरं रिकामी करायला घेतली. १२६ जहाजं, त्यांवर सुमारे १ लाख ४६ हजार माणसं. त्याच वर्षी मार्चमध्ये नोव्होरोसिस्कला धक्क्यावर जी चेंगराचेंगरी झाली होती तिच्या तुलनेत हे काम शिस्तीत पार पडलं, असं शत्रूंनीही मान्य केलं. जहाजं कॉन्स्टँटिनोपलसमोर येऊन नांगरली. ते शहरही तेव्हा मरणपंथाला लागलेल्या दुसऱ्या एका साम्राज्याची राजधानी होतं. दोस्तराष्ट्रांचं सैन्य तिथे ठाण मांडून होतं आणि सुलतान नावापुरता उरला होता. शतकानुशतकं झारांना हे शहर जिंकायचं होतं. अखेर रशियन फौज तिथे पोचली, ती भाकरीच्या रांगेत उभी राहायला.

अन्नाचा खर्च फ्रान्सने उचलला, आणि तो वसूल व्हावा म्हणून रशियन जहाजं आणि त्यांवरचा माल तारण धरला. काही महिन्यांत शिधा कमी होऊ लागला. रशियात परत जा, नाहीतर ब्राझीलला जा, नाहीतर स्वतःचं पोट स्वतः भरा, असे तीन पर्याय सैनिकांपुढे ठेवण्यात आले. सैन्याचा मोठा भाग, पंचवीस हजारांच्या आसपास, गॅलिपोलीला तंबूंत होता. या गावाच्या नावावर रशियनांनी कोटी केली, ‘गोलोए पोले’, म्हणजे उघडं माळरान. तिथे जनरल कुतेपोव्ह यांनी रोज कवायत चालवली, शाळा काढल्या, तंबूत देऊळ मांडलं, नाटकंही झाली. हरलेल्या फौजेला कवायत कशाला, असा प्रश्न तेव्हाही विचारला गेला. पण रिकाम्या हातांनी बसलेलं सैन्य टोळी होतं, हे त्या कडक जनरलला ठाऊक असावं.

त्या माळरानावर जे मेले त्यांच्यासाठी स्मारक बांधायचं ठरलं. पैसा नव्हता, गाड्या नव्हत्या. मग प्रत्येकाने एक दगड आणून टाकावा असा हुकूम निघाला. माणसं वाकून दगड उचलत होती आणि ढिगावर आणून ठेवत होती. जुलै १९२१ मध्ये त्या ढिगाचा टोपीच्या आकाराचा स्तूपच उभा राहिला. पुढे भूकंपाने तो ढासळला. त्याची लहान प्रतिकृती पॅरिसजवळच्या सँत-जनव्हिएव्ह-दे-ब्वा इथल्या रशियन दफनभूमीत आहे. गॅलिपोलीचे म्हातारे झालेले सैनिक तिच्याभोवती पुरले गेले.

डिसेंबर १९२१ मध्ये मॉस्कोने एक हुकूम काढला. परवानगीशिवाय देश सोडलेल्यांचं, श्वेत सेनेत लढलेल्यांचं आणि ठरल्या मुदतीत सोव्हिएत वकिलातीत नाव न नोंदवणाऱ्यांचं नागरिकत्व रद्द. एका कागदाने लाखो माणसं कुणाचीच राहिली नाहीत. आज आपल्याला ‘निर्वासित’ हा शब्द वापरून गुळगुळीत झालेला वाटतो. पण त्याआधी युरोपच्या कायद्यात या माणसासाठी घरच नव्हतं. परका म्हणजे दुसऱ्या कुठल्यातरी राजाचा माणूस, त्याचं काय करायचं ते त्याच्या राजाला विचारून ठरवायचं. ज्याला राजाच नाही, त्याचं काय? पहिल्या महायुद्धाआधी युरोपात पासपोर्ट फारसं कुणी विचारत नसे. युद्धानंतर प्रत्येक ठेसनावर विचारू लागले, आणि नेमक्या त्याच वेळी हे लोक बिनपासपोर्टचे झाले.

रेडक्रॉसच्या गुस्ताव्ह आदोर यांनी फेब्रुवारी १९२१ मध्ये राष्ट्रसंघाकडे हा प्रश्न नेला. राष्ट्रसंघाने उच्चायुक्त म्हणून नेमलं ते नॉर्वेचे ध्रुवसंशोधक फ्रित्यॉफ नान्सेन यांना. ग्रीनलंड स्कीवरून पार केलेला, ‘फ्राम’ जहाज बर्फात मुद्दाम गोठवून घेऊन ध्रुवाकडे वाहत गेलेला हा माणूस. राष्ट्रसंघाने त्यांना कचेरी चालवण्यापुरते पैसे दिले, माणसं पोसायला नाहीत. त्याच वेळी व्होल्गाकाठच्या दुष्काळात मदत पोचवायचं कामही नान्सेन करत होते, आणि त्यासाठी बोल्शेविकांशी बोलत होते. झालं, निर्वासितांच्या मनात त्यांच्याबद्दल संशय बसला. त्यांनी रशियनांना परत पाठवण्याची बोलणीही सुरू केली होती. बल्गेरियातून काही हजार कोसॅक परत गेलेही. ती योजना मोडली ते बरंच झालं.

जुलै १९२२ मध्ये जिनिव्हात जो तोडगा निघाला तो दिसायला किरकोळ होता. ज्या देशात निर्वासित आहे त्या देशाने त्याला एक दाखला द्यायचा. नाव, जन्म, फोटो आणि ‘रशियन वंशाची, दुसरं नागरिकत्व न घेतलेली व्यक्ती’ एवढी ओळख. मुदत बहुधा एक वर्ष. तो दाखवून दुसऱ्या देशाचा व्हिसा मागता येई. पण बाहेर पडल्यावर परत येऊ देण्याचं बंधन देणाऱ्या देशावर नव्हतं. ही खोच १९२६ मध्ये थोडी दुरुस्त झाली. नान्सेनचा चेहरा छापलेलं पाच सुवर्ण फ्रँकचं तिकीटही तेव्हाच आलं. ऐपत असलेल्याने दाखल्यावर ते चिकटवायचं आणि जमलेला पैसा गरजूंवर खर्च करायचा. म्हणजे निर्वासितांचा फंड निर्वासितांच्याच खिशातून! हळूहळू पन्नासहून अधिक देशांनी हा दाखला मान्य केला. १९२४ मध्ये आर्मेनियनांना, १९२८ मध्ये असीरियनांना तो मिळू लागला. एकंदर साडेचार लाखांच्या आसपास असे दाखले दिले गेले असं म्हणतात. लोक त्याला पासपोर्टच म्हणायचे, ‘नान्सेन पासपोर्ट’.

या कागदाची किंमत किती होती ते इव्हान बुनिन यांना विचारावं लागलं असतं. १९३३ मध्ये साहित्याचं नोबेल मिळालेले ते पहिले रशियन लेखक, आणि तेव्हाही ते बिननागरिकत्वाचेच होते. स्टॉकहोमच्या सोहळ्यात त्यांच्यामागे कोणता झेंडा लावायचा हाही प्रश्नच होता. तीन वर्षांनी, १९३६ मध्ये, जर्मनीच्या लिंडाऊ नाक्यावर नाझी कस्टमवाल्यांनी याच लेखकाला कपडे उतरवून तपासलं. वय ६६, हातात नान्सेनचा दाखला. दाखल्याने दार उघडत होतं, पण दारापलीकडे गेल्यावर अब्रू राखायला पाठीशी वकिलात लागते, ती त्या कागदात नव्हती.

माणसं कुठे रुजली आणि कुठे नाही, याचा नकाशा पाहिला तर दया या गोष्टीचा त्यात फारच थोडा वाटा दिसतो. प्रत्येक देशाने आपलं गणित मांडून त्यांना घेतलं. बर्लिनचं गणित तर निर्वासितांनीच मांडलं होतं. मार्क घसरत होता, त्यामुळे ज्याच्याकडे थोडी परकी नाणी किंवा आजीचे दागिने असतील त्याला बर्लिन स्वस्त पडे. १९२२-२३ मध्ये शार्लोटेनबुर्ग भागात इतके रशियन झाले, की जर्मन लोक त्याला चेष्टेने ‘शार्लोटेनग्राड’ म्हणू लागले. डझनांनी रशियन प्रकाशनसंस्था तिथे निघाल्या, कारण छपाई स्वस्त होती. १९२२ च्या शरदात लेनिनने बेर्द्यायेव्ह, फ्रांक, इल्यिन अशा विचारवंतांना जहाजात बसवून हद्दपार केलं, तेही इथेच येऊन थडकले. जुने हेवेदावेही सामानाबरोबर आले होते. मार्च १९२२ मध्ये बर्लिनच्या फिलहार्मोनिक सभागृहात उदारमतवादी नेते मिल्युकोव्ह यांच्यावर राजनिष्ठ रशियनांनीच गोळ्या झाडल्या. त्यांना वाचवायला धावलेले व्लादिमीर दिमित्रियेविच नाबोकोव्ह मारले गेले. त्यांचा मुलगा पुढे टेनिस आणि इंग्रजी शिकवून पोट भरत, ‘सिरिन’ या टोपणनावाने त्याच शहरात कादंबऱ्या लिहू लागला. १९२३ च्या शेवटी जर्मन चलन सावरलं आणि स्वस्ताई संपली. मग दोन-तीन वर्षांत बर्लिनची रशियन वस्ती पॅरिसकडे सरकली.

प्राग वेगळं. तिथे अध्यक्ष मासारिक यांच्या सरकारने ‘रशियन मदतकार्य’ या नावाने खजिना उघडला. हजारो विद्यार्थ्यांना शिष्यवृत्त्या, प्राध्यापकांना पगार, रशियन कायद्याचं स्वतंत्र महाविद्यालय. त्यामागचा हिशेब असा, की बोल्शेविक राजवट आज ना उद्या कोसळणार, मग लोकशाही रशियाला इंजिनिअर, वकील, शेतीतज्ज्ञ लागतील. ते प्रागमध्ये शिकलेले असले तर चेकोस्लोव्हाकियाचा एक मोठा मित्र तयार होईल. हिशेब उदार होता, पण साफ चुकला. राजवट कोसळली नाही, शिष्यवृत्त्या आटत गेल्या, पदवीधर फ्रान्सला आणि अमेरिकेला निघून गेले.

सर्बियाला माणसंच हवी होती. महायुद्धाने तो देश पोखरून टाकला होता. राजे अलेक्सांदर स्वतः सेंट पीटर्सबर्गच्या राजशाळेत शिकलेले, आणि नव्या राज्याला डॉक्टर, सर्वेक्षक, वास्तुविशारद कुठून आणायचे ही चिंता होतीच. निकोलाय क्रास्नोव्ह यांचं उदाहरण घ्या. याल्टाजवळ झारचा लिवादिया राजवाडा त्यांनी बांधला. देश सोडल्यावर बेलग्रेडच्या सरकारी बांधकाम खात्यात ते नोकरीला लागले आणि त्या शहराच्या सरकारी इमारतींवर आपला हात उमटवून गेले. गॅलिपोलीहून आलेल्या पलटणी सर्बियात रस्ते बांधत, सरहद्दीवर पहारे देत, आणि संध्याकाळी आपल्या अधिकाऱ्याला सलाम ठोकून झोपत. बल्गेरियात पेर्निकच्या कोळशाच्या खाणीत हेच दृश्य होतं.

फ्रान्सला रशियाच्या भवितव्याशी घेणं नव्हतं. महायुद्धात त्यांचे तेरा-चौदा लाख पुरुष मेले होते, कारखान्यांना हात हवे होते. बुलोन-बियांकूर इथल्या रेनॉच्या मोटार कारखान्यात इतके रशियन भरले, की कूर्स्क शहराच्या नावावरून त्यांनी त्या भागाचं नाव ‘बियांकूर्स्क’ पाडलं. ज्याला कारखान्याचा भोंगा सोसेना तो टॅक्सीकडे वळे. कादंबरीकार गाइतो गाझदानोव्ह यांनी वर्षानुवर्षं रात्रपाळीची टॅक्सी चालवली. बायका शिवण आणि भरतकामावर घर चालवत. झारची चुलतबहीण, ग्रँड डचेस मारिया पावलोव्ना यांनी ‘कित्मीर’ नावाचं भरतकामाचं दुकान काढलं आणि कोको शानेलला माल पुरवला. डॉक्टर आणि वकील मात्र अडकले. फ्रेंच पदवीशिवाय दवाखाना उघडता येत नसे, त्यामुळे रशियातला नामांकित सर्जन फ्रान्समध्ये कुणाचा तरी मदतनीस होऊन राही.

मंदी आली तशी फ्रान्सने पाठ फिरवली. मे १९३२ मध्ये गोर्गुलोव्ह नावाच्या एका माथेफिरू रशियनाने राष्ट्राध्यक्ष दुमेर यांचा खून केला, त्याने वातावरण आणखी बिघडलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये परदेशी कामगारांच्या संख्येवर मर्यादा घालणारा कायदा झाला. नोकरी गेली की राहण्याचा परवाना जाई, परवाना गेला की हद्दपारीचा हुकूम हाती पडे. पण जाणार कुठे? एकही देश घ्यायला तयार नाही. न गेल्याबद्दल तुरुंग, सुटल्यावर पुन्हा तोच हुकूम, पुन्हा तुरुंग. या रहाटगाडग्याने माणसं वेडी व्हायची पाळी आली. ऑक्टोबर १९३३ च्या करारात निर्वासिताला त्याच्या मूळ देशाच्या सरहद्दीवर परत ढकलायचं नाही, हे तत्त्व पहिल्यांदा कागदावर आलं. सही करणारे देश मोजके होते. पण १९५१ च्या जिनिव्हा करारात निर्वासिताची व्याख्या सुरू होते तीच मुळी १९२६, १९२८ आणि १९३३ च्या या जुन्या कागदांचा उल्लेख करून.

आणि या सगळ्या काळात वळकट्या सुटल्या नव्हत्या. पेट्यांवर बसलोय, असा वाक्प्रचार रशियन स्वतःबद्दल वापरत. वसंतात परत जाऊ, मग शरदात, मग पुढच्या वसंतात. त्यामुळे मुलांना फ्रेंच किंवा सर्बियन शिकवण्यापेक्षा रशियन टिकवण्याची धडपड जास्त. रशियन शाळा, कॅडेटांची विद्यालयं, पुश्किनच्या जन्मदिवशी ‘रशियन संस्कृती दिन’. चर्चचं पंचांग तेरा दिवस मागे, म्हणून बाहेरचा नाताळ संपून नवं वर्ष लागलं की यांचा नाताळ. नव्या राजवटीने १९१८ मध्ये लिपी सोपी केली, काही अक्षरं रद्द केली. निर्वासितांची वर्तमानपत्रं हट्टाने जुन्या अक्षरांतच निघत राहिली. शब्दाच्या शेवटी येणारं, उच्चारच नसलेलं एक अक्षर छापण्यासाठी शाई आणि कागद खर्च करणारी ही माणसं कुणाला हास्यास्पद वाटतील. १९६२ नंतर मराठीतले अनुच्चारित अनुस्वार गेले तेव्हा हळहळणारी माणसं ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना नाही वाटणार.

आशियातली गोष्ट मात्र युरोपच्या मापाने मोजता येत नाही. हार्बिन हे चिनी भूमीवर १८९८ पासून रशियनांनीच रेल्वेसाठी वसवलेलं शहर. क्रांतीनंतर निर्वासित तिथे आले ते जणू आपल्याच गावी. रशियन पाट्या, रशियन शाळा, चुरिनचं मोठं दुकान, कांद्याच्या आकाराच्या घुमटांची देवळं. पायाखालची जमीन हळूहळू सरकली. १९२० मध्ये चीनने झारच्या वकिलातीची मान्यता काढली, आणि रशियन हे चिनी पोलीस व चिनी न्यायालयाखाली येणारे गोरे झाले. १९२४ मध्ये रेल्वे सोव्हिएत आणि चीन यांच्यात वाटली गेली. नोकरी टिकवायची तर सोव्हिएत किंवा चिनी नागरिकत्व घ्या असा आदेश आला. एकाच घरात बाप सोव्हिएत, मुलगा बिननागरिकत्वाचा, असं होऊ लागलं. १९३५ मध्ये रेल्वे जपानी वर्चस्वाखालच्या मांचुकुओला विकली गेली आणि सोव्हिएत कागद घेतलेले हजारो कर्मचारी ‘मायदेशी’ गेले. १९३७ मध्ये ‘हार्बिनवाले’ म्हणजे जपानचे हेर, असा ठपका ठेवणारा खास हुकूम मॉस्कोत निघाला. त्यात हजारोंना गोळ्या घातल्या गेल्या.

शांघायची तऱ्हा आणखी वेगळी. तिथल्या गोऱ्यांना आपण राज्यकर्ते आहोत असं वाटायची सवय होती. ॲडमिरल स्टार्क यांची जुनाट जहाजं डिसेंबर १९२२ मध्ये व्लादिवोस्तोकहून तिथे पोचली, आणि गोरा माणूसही भीक मागू शकतो हे चिन्यांना दिसलं, याचंच इंग्रज-फ्रेंचांना जास्त दुःख झालं. पुरुष पहारेकरी झाले, धनिकांचे अंगरक्षक झाले. बायका नाचघरांत गेल्या. किती जणींना त्यापुढच्या व्यवसायात ढकललं गेलं ते राष्ट्रसंघाच्या १९३२ च्या अहवालात नोंदलेलं आहे. फ्रेंच वसाहतीतल्या आव्हेन्यू जोफ्रवर मात्र रशियन बेकऱ्या, शिंपी, संगीतशिक्षक यांनी आपला संसार थाटलाच. १९४९ मध्ये माओची फौज जवळ आली तेव्हा या लोकांनी दुसऱ्यांदा बाडबिस्तरा बांधला. जगभर केलेल्या विनंत्यांना होकार दिला एकट्या फिलिपिन्सने. तुबाबाओ या वादळी बेटावर पाचेक हजार रशियन तंबूंत राहिले, आणि आर्चबिशप योआन अमेरिकेचे उंबरठे झिजवत राहिले. शेवटी ऑस्ट्रेलियाने आणि अमेरिकेने त्यांना घेतलं.

अमेरिकेचं दार १९२४ च्या कोटा कायद्याने जवळजवळ मिटलं होतं. त्याआधी शिरलेल्यांत विमानांचे इंजिनिअर इगोर सिकोर्स्की होते. १९२३ मध्ये लाँग आयलंडवर एका स्नेह्याच्या कोंबड्यांच्या फार्मवर, मिळेल त्या भंगारातून त्यांनी विमान बांधायला घेतलं. पैसे संपत आले तेव्हा संगीतकार राखमानिनोव्ह यांनी ५,००० डॉलरचे शेअर घेतले. हेलिकॉप्टरची कथा त्यापुढची. खाली पराग्वेत जनरल बेल्यायेव्ह यांनी चाकोच्या जंगलाचे नकाशे काढले आणि १९३२ च्या युद्धात इतर रशियन अधिकाऱ्यांसह त्या देशाच्या बाजूने लढले. अशी उदाहरणं डोळे दिपवतात, म्हणून लेखांत तीच येतात. बियांकूरच्या फौंड्रीत तीस वर्षं घालवलेल्या माणसाबद्दल कोण लिहिणार?

आपल्याकडे ही लाट आली ती थेंबाथेंबाने. निकोलाय रोएरिक हे रेपिनसारखेच, फिनलंडच्या बाजूला असताना सरहद्द मिटली म्हणून बाहेर राहिलेले. ते १९२३ मध्ये भारतात आले, पुढे कुलू खोऱ्यात नग्गरला स्थायिक झाले आणि १९४७ मध्ये तिथेच वारले. त्यांचे चित्रकार चिरंजीव स्वेतोस्लाव यांनी १९४५ मध्ये ‘बॉम्बे टॉकीज’च्या देविकाराणींशी लग्न केलं, ही गोष्ट मराठी सिनेरसिकांना ठाऊक असते. माग्दा नाखमान मात्र विसरल्या गेल्या. सेंट पीटर्सबर्गमध्ये बाक्स्टकडे शिकलेल्या, कवयित्री त्स्वेतायेवाचं व्यक्तिचित्र काढलेल्या या चित्रकर्तीने क्रांतिकारक एम. पी. टी. आचार्य यांच्याशी लग्न केलं. त्या काळात वाहतूक दोन्ही बाजूंनी होती. रशियन लोक मॉस्कोतून पळत होते, आणि ब्रिटिशांना चुकवत आचार्य, आपल्या वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे अशी माणसं मॉस्कोकडे निघाली होती. आचार्यांचं कम्युनिस्टांशी बिनसलं. हे जोडपं बर्लिनला गेलं, नाझी आल्यावर तिथूनही निघालं आणि अखेर मुंबईला पोचलं. माग्दांनी इथली रस्त्यावरची माणसं, कामकरी बायका रंगवल्या. फेब्रुवारी १९५१ मध्ये मुंबईत त्यांच्या चित्रांचं प्रदर्शन भरायचं होतं. उद्घाटनाला काही तास उरले असताना त्या वारल्या. कोल्हापूरजवळच्या वळिवडे इथली १९४३ नंतरची पोलिश छावणी या गोष्टीशी अनेकदा जोडली जाते. ते लोक स्टालिनने सायबेरियात हाकललेले पोल होते, त्यांची कथा निराळी.

दुसरं महायुद्ध संपलं तेव्हा हिशेब उलटे फिरले. फेब्रुवारी १९४५ मध्ये रुझवेल्ट, चर्चिल आणि स्टालिन याल्टाला बसले, निकोलाय क्रास्नोव्ह यांनी बांधलेल्या त्याच लिवादिया राजवाड्यात. तिथल्या कराराने सोव्हिएत नागरिकांना परत करायचं ठरलं. उन्हाळ्याच्या सुरुवातीला ऑस्ट्रियात, लिएंत्स इथे ब्रिटिशांनी हजारो कोसॅक लाल फौजेच्या स्वाधीन केले. त्यांत कधीच सोव्हिएत नागरिक नसलेले, नान्सेनचे दाखले बाळगणारे जुने निर्वासितही होते. त्यांचे म्हातारे पुढारी, जनरल प्योत्र क्रास्नोव्ह (वास्तुविशारदांचे फक्त नामबंधू) यांना १९४७ मध्ये मॉस्कोत फाशी दिलं. ते हिटलरच्या बाजूने लढले होते, हे झाकून त्यांच्याबद्दल हळहळणारं लिखाण मला पटत नाही. पण कराराबाहेरच्या माणसांना करारात कोंबणं, तेही बायकापोरांसह, हे त्याने योग्य ठरत नाही.

प्रागमध्ये निर्वासितांनी १९२३ पासून एक दफ्तरखाना जमवला होता. रोजनिशा, पत्रं, पलटणींची कागदपत्रं, मोडक्या वर्तमानपत्रांच्या फायली. उद्या स्वतंत्र रशियात न्यायचं म्हणून जपलेलं. लाल फौज आली आणि डिसेंबर १९४५ मध्ये तो दफ्तरखाना नऊ वाघिणींत भरून मॉस्कोला भेट म्हणून रवाना झाला. तिथल्या गुप्त पोलिसांनी तो चाळून नावांच्या याद्या केल्या.

क्रिमियातून निघालेल्या युद्धनौका ट्युनिशियात, बिझर्तच्या बंदरात गेल्या होत्या. ऑक्टोबर १९२४ मध्ये फ्रान्सने सोव्हिएत सरकारला मान्यता दिली, तेव्हा निळ्या तिरप्या फुलीचा त्यांचा झेंडा खाली उतरला. अनास्तासिया मानस्टाइन त्या वेळी बारा वर्षांच्या होत्या. त्यांचे वडील विनाशिकेचे कप्तान, आणि कुटुंब नांगरलेल्या एका जुन्या युद्धनौकेवर राहायचं. जहाजं भंगारात गेली, माणसं फ्रान्सला पांगली, अनास्तासिया लग्न होऊन शिरिन्स्काया झाल्या आणि बिझर्तमध्येच गणिताच्या शिकवण्या घेत राहिल्या. फ्रेंच नागरिकत्व त्यांनी घेतलं नाही, ट्युनिशियाचंही नाही. पिढ्यान् पिढ्या अरब, फ्रेंच, इटालियन मुलं त्यांच्याकडे बीजगणित शिकली. त्यांतला एक, बर्त्राँ देलानोए, पुढे पॅरिसचा महापौर झाला. १९९७ मध्ये त्यांना रशियाचा पासपोर्ट मिळाला. तेव्हा त्या पंच्याऐंशीच्या घरात होत्या. तो मिळाल्यावरही त्या राहिल्या बिझर्तमध्येच, आणि २००९ च्या डिसेंबरात तिथेच वारल्या.